मैदानावर हृदय थांबते तेव्हा: पहिल्या मिनिटापासून पुनरागमनापर्यंत या चुका टाळा

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर डेन्मार्क आणि फिनलंड यांच्यातील युरो स्पर्धेचा सामना मध्यंतराच्या जवळ आला असताना, साइडलाइनवरून फेकलेला चेंडू घ्यायला पुढे सरकलेला ख्रिस्टियन एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता कोसळला. कर्णधार सिमोन केअर धावत पोचला, वैद्यकीय पथकाने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, एईडी या हृदयाचा ताल तपासून विद्युतधक्का देणाऱ्या यंत्राने एक धक्का दिला आणि मैदानाबाहेर नेण्यापूर्वीच एरिक्सन शुद्धीवर आला. त्याच्या साडेसोळा वर्षे आधी, ५ डिसेंबर २००४ रोजी, बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियममध्ये फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडकला आणि त्याचा मृत्यू झाला. ही दोन प्रकरणे वैद्यकीयदृष्ट्या सारखी नव्हती आणि एकाच उपायाने दोघेही वाचले असते असे म्हणणे योग्य होणार नाही. तरीही मैदानावर कोसळलेल्या खेळाडूचे भवितव्य बहुतेक वेळा रुग्णालयात पोचण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि ते ठरवणारी माणसे म्हणजे संघातील सोबती, पंच, प्रशिक्षक आणि कठड्याबाहेर उभे असलेले पालक.

फिट आली आहे असे समजणे

सर्वांत घातक चूक ओळखण्यात होते. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत अडथळा येणे. अशा वेळी माणूस सहसा शुद्धीवर असतो, छातीत दुखते असे सांगतो आणि त्याचे हृदय चालू असते. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाची विद्युतव्यवस्थाच कोलमडते, हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते, मेंदूकडे जाणारे रक्त थांबते आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. झटक्यातून अरेस्ट होऊ शकतो, परंतु पस्तिशीच्या आतील खेळाडूंमध्ये कारण बहुधा वेगळे असते: आनुवंशिक दोषाने जाड झालेला हृदयस्नायू, हृदयवाहिनीची चुकीची ठेवण, विषाणूसंसर्गामुळे आलेली हृदयस्नायूची सूज, हृदयाच्या तालातील आनुवंशिक दोष, किंवा चेंडूचा अथवा खांद्याचा फटका नेमक्या क्षणी छातीवर बसणे. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकन फुटबॉल या खेळातला खेळाडू डमार हॅमलिन कोसळला तो या शेवटच्या कारणाने. पस्तिशीनंतर मात्र हृदयवाहिन्यांतील अडथळे हेच मुख्य कारण ठरते, आणि रविवारी सकाळी मॅरेथॉन धावणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने हे विसरू नये.

हृदय थांबल्यावर पहिल्या काही क्षणांत हातपाय झटके देतात, डोळे उघडे राहतात आणि तोंडातून घोरल्यासारखा किंवा आचके दिल्यासारखा आवाज येतो. पाहणाऱ्यांना वाटते की फिट आली आहे आणि श्वास तर चालू आहे. मग कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी मुठीत किल्ल्या कोंबतो, कोणी तोंडावर पाणी मारतो, आणि या धांदलीत तीन-चार मिनिटे निघून जातात. ते आचके म्हणजे श्वास नव्हे. कोणाचा धक्का न लागता कोसळलेला आणि हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद न देणारा खेळाडू नेहमीसारखा श्वास घेत नसेल, तर त्याचे हृदय थांबले आहे असेच धरून चालावे. नाडी चाचपत बसू नये, कारण गोंधळात प्रशिक्षित हातांनाही ती नीट सापडत नाही. अंदाज चुकला आणि हृदय चालू असलेल्या माणसाच्या छातीवर थोडा वेळ दाब पडला, तर गंभीर इजा होण्याची शक्यता कमी असते. उलट चूक झाली तर प्राण जातात.

फुटबॉलच्या मैदानावर आणखी एक समज घट्ट बसलेला आहे: खेळाडूने जीभ गिळली आहे, म्हणून आधी तोंडात बोटे घालून ती ओढून काढायची. जीभ गिळली जात नाही. बेशुद्ध माणसाची जीभ मागे सरकू शकते हे खरे, पण त्यासाठी कपाळ मागे झुकवून हनुवटी वर उचलणे पुरेसे असते. आवळलेला जबडा उघडण्यात गेलेली मिनिटे छातीदाबाची होती.

एरिक्सनच्या प्रसंगातील एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. संघाचे डॉक्टर मॉर्टन बोएसेन यांनी नंतर सांगितले की ते पोचले तेव्हा तो कुशीवर होता, श्वास घेत होता आणि नाडी लागत होती. अचानक चित्र बदलले आणि सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा उपाय, सुरू करावा लागला. म्हणजे एकदा श्वास पाहून निश्चिंत होणे हीसुद्धा चूकच आहे. मदत येईपर्यंत नजर त्या छातीवरून हलता कामा नये.

उचलून गाडीत घालणे

आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया असते ती चौघांनी उचलून रिक्षात किंवा गाडीत घालण्याची. त्यामागची कळकळ खरी असते, पण धावत्या गाडीच्या मागच्या सीटवर परिणामकारक दाब देता येत नाही, आणि विद्युतधक्क्याविना जाणारे प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटवते. म्हणून जागा सोडू नये. एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावून स्पीकर चालू ठेवावा आणि मैदानाचे नेमके प्रवेशद्वार सांगावे, दुसऱ्याने एईडी आणायला पळावे, तिसऱ्याने त्या क्षणी दाब सुरू करावा.

दाब देताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे हळुवारपणा. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, कोपरे ताठ ठेवून, प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतका जोर लागतो, आणि गती मिनिटाला १०० ते १२० लागते. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नये. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक दाबानंतर छातीला पूर्ण वर येऊ न देणे, कारण छाती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरते. तिसरी म्हणजे दमूनही एकट्यानेच देत राहणे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा आणि बदलताना खंड काही सेकंदांपेक्षा जास्त नसावा. तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांनी ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. ज्यांना ते जमत नाही किंवा नको वाटते त्यांनी नुसते दाब द्यावेत, पण हात बांधून उभे राहू नये.

किती वेळ? १७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध खेळताना कोसळलेल्या बोल्टनच्या फुटबॉलपटू फॅब्रिस मुआंबाचे हृदय ७८ मिनिटे स्वतःहून चालले नव्हते आणि त्याला १५ विद्युतधक्के द्यावे लागले. तो जगला, कारण मैदानावर सुरू झालेले दाब रुग्णालयातही अखंड चालू राहिले. रुग्णवाहिकेतील माणसे ताबा घेईपर्यंत आपण थांबायचे नाही.

यंत्र आहे, पण कुलुपात

एईडी विकत घेतले म्हणजे जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या संस्थांनी आपली पेटी शेवटची कधी उघडली ते पाहावे. बॅटरी आणि छातीवर चिकटवायचे पॅड यांना मुदत असते. किल्ली ज्याच्याकडे आहे तो सायंकाळच्या सरावाला हजर असतोच असे नाही. पेटी सरावाच्या जागेपासून पळत जाऊन दोन-तीन मिनिटांत आणता आली पाहिजे.

यंत्राची भीती अनाठायी आहे. ते बोलून सूचना देते, हृदयाचा ताल स्वतः तपासते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. मात्र घामाने किंवा पावसाने भिजलेल्या छातीवर पॅड नीट चिकटत नाहीत, म्हणून आधी कपड्याने छाती कोरडी करावी. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या कुशीत काखेखाली लावावा. खेळाडू मुलगी किंवा स्त्री असेल तर संकोचाने थांबू नये. भोवती पाठमोरे कडे करून आडोसा करावा, जसा डेन्मार्कच्या खेळाडूंनी एरिक्सनभोवती केला होता. धक्का बसल्यावर हृदय सुरू झाले का हे पाहत न बसता लगेच दाब पुन्हा चालू करावेत.

वाचलो, म्हणजे बरे झालो

इथून पुढच्या चुका फारशा कोणी लिहीत नाही. घरी आलेल्या खेळाडूला सगळे नशीबवान म्हणतात, पण विस्मरण, थकवा, चिडचिड, झोपेत दचकणे आणि पुन्हा धावण्याची धास्ती महिनोनमहिने राहू शकते. मेंदूला काही मिनिटे प्राणवायू कमी पडलेला असतो, त्यामुळे याला मनाचा कमकुवतपणा समजणे अन्याय आहे. ज्यांनी दाब दिले किंवा ते दृश्य पाहिले त्या सोबत्यांनाही आधार लागतो. कोपनहेगनचा तो सामना त्याच संध्याकाळी पुढे खेळवला गेला आणि तसे व्हायला नको होते, अशी खंत डेन्मार्कच्या गोटातून नंतर व्यक्त झाली.

अनेकांच्या छातीत आयसीडी हे छोटे यंत्र बसवले जाते. ते आजार बरा करत नाही. धोकादायक ताल सुरू झाला की आतून धक्का देते, एवढेच त्याचे काम आहे. म्हणून यंत्र आहे तर गोळ्या कशाला, हा विचार सोडावा. मोबाइल त्या बाजूच्या खिशात ठेवू नये, किमान १५ सेंटिमीटर अंतर राखावे. बसवल्यानंतर सुरुवातीचे काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेण्याबाबत डॉक्टरांनी घातलेली मर्यादा पाळावी. एकदा धक्का बसला आणि बरे वाटत असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. लागोपाठ धक्के बसले किंवा चक्कर आली तर रुग्णवाहिका बोलवावी.

पुनरागमनाचा निर्णय दुसऱ्याकडे पाहून घेणे हीही चूकच. आयसीडी असताना इटलीतील लीगमध्ये खेळता येत नसल्याने एरिक्सनचा इंटर मिलानशी करार संपला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून पुन्हा उतरला. मुआंबाने मात्र कोसळला त्याच वर्षी, २०१२ मध्ये, निवृत्ती स्वीकारली. भारतीय बचावपटू अन्वर अली याला २०१९ मध्ये हृदयस्नायूचा दोष आढळला. खेळण्याच्या हक्कासाठी तो दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुढे एफसी गोवाकडून व देशाकडून खेळला. तिघांची कारणे वेगळी, म्हणून निर्णय वेगळे. हृदयस्नायूला सूज आली असेल तर साधारण तीन ते सहा महिने कठोर व्यायाम बंद ठेवावा लागतो, आणि ताप असताना सरावाला जाण्याची फुशारकी कोणीच मारू नये.

शेवटची चूक कुटुंबाची. कारण आनुवंशिक निघाले, किंवा सापडलेच नाही, तर आईवडील, भावंडे आणि मुले यांचा ईसीजी आणि इको करून घ्यायला हवा, आणि घरात पूर्वी कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले होते का, कोणाला धावताना भोवळ आली होती का, हे डॉक्टरांना न लपवता सांगायला हवे. लहानपणी आलेला स्वच्छ अहवाल कायमचा मानू नये, कारण हृदयस्नायू जाड होण्याचा आजार बऱ्याचदा वयात येताना दिसू लागतो. अशा घरातील मुलांची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने पुन्हा करावी लागते.