वडगावच्या घरात आवाजाचं काम: माईक घेण्याआधी

आमचं घर वडगावात, शेजारी यंत्रमाग. सकाळी सुरू झालेली त्याची खटखट दिवेलागणीपर्यंत चालते. जन्मापासून ऐकत आल्यामुळे आमच्या कानांना ती जाणवतही नाही. माईकला मात्र जाणवते. हे कळायला मला साडेपाच हजार रुपये आणि एक हातातलं काम घालवावं लागलं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं-मुली आता ऑडिओबुक आणि पॉडकास्टकडे वळताहेत. त्यांचे तेवढे पैसे वाचावेत, म्हणून हे सगळं सांगते.

व्हिडिओत सगळ्यांच्या पुढ्यात दिसतो म्हणून मी पहिल्यांदा कंडेन्सर माईक घेतला. माईक चांगलाच होता. त्याचा पडदा इतका हलका असतो की श्वाससुद्धा टिपतो. पुण्याच्या एका स्टुडिओला तीन प्रकरणं वाचून पाठवली, तिन्ही परत आली. मागे काहीतरी सतत ठकठकतंय, असं कळवलं होतं. मी हेडफोन लावून ऐकलं, तर वाक्यावाक्याच्या मधल्या जागेत शेजारचा माग स्पष्ट वाजत होता.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. आहे तो फोन खोलीत ठेवा, गप्प बसून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून मोठ्या आवाजात ऐका. पंखा, फ्रीज, रस्त्यावरच्या गाड्या, इन्व्हर्टरची घरघर, सगळं पुढे येईल. मग टाळी वाजवून ती रेकॉर्ड करा. टाळीमागे आवाज रेंगाळला, तर खोली घुमते आहे. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असल्या की हे ठरलेलंच. मी आजीच्या तीन वाकळा दोरीवर तिन्ही बाजूंनी टांगल्या आणि घुमणं जवळजवळ गेलं. अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात वेळ घालवू नका, त्यांनी फारसं काही होत नाही. आणि एक नीट समजून घ्या: वाकळ खोलीतला प्रतिध्वनी शोषते, बाहेरून येणारा आवाज अडवत नाही. मागाची खटखट वाकळांतून आरपार येत राहिली.

त्यावर उपाय सापडला तो अंतराचा. माईक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सुमारे 6 डेसिबलनी वाढतो, शेजारचा माग मात्र होता तेवढाच राहतो. डायनॅमिक माईक, म्हणजे कंडेन्सरपेक्षा जड पडद्याचा आणि बारीक आवाज कमी टिपणारा, असा जवळून बोलण्यासाठीच बरा. मी आता तोच वापरते, चार बोटांच्या अंतरावर, तोंडासमोर नाही तर किंचित तिरका. तिरका अशासाठी, की मराठीत 'फ', 'भ', 'ख' यांचा श्वास थेट पडद्यावर आदळतो. पॉप फिल्टर, म्हणजे श्वासाचा झोत अडवणारी जाळी, स्वस्त मिळतो, तोही लावा. माझा माईक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा; तो पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ मागाच्या भिंतीकडे करून बसते. एवढ्यानं जो फरक पडला, तो दुप्पट महाग माईक घेऊनही पडला नसता.

आता खरेदीचं. अगदी सुरुवातीला बोया बीवाय-एम1सारखा, हजाराच्या आसपासचा, कॉलरला लावायचा माईक पुरतो. पण तो चारी दिशांचं ऐकतो, तेव्हा शांत घरातच घ्या. नंतर थेट लॅपटॉपला जोडता येईल असा, यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतली तीन पिनांची) अशा दोन्ही जोडण्या असलेला डायनॅमिक माईक घ्यावा. सॅमसन क्यू2यू तसा आहे. पुढे इंटरफेस (एक्सएलआर माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणला तरी माईक बदलावा लागत नाही. मोठे पॉडकास्टवाले वापरतात तो शुअर एसएम7बी पाहून हुरळू नका. त्याला निदान 60 डेसिबल गेन (माईकच्या क्षीण आवाजाला दिलेली वाढ) देणारा इंटरफेस लागतो, म्हणजे खर्च माईकपाशी थांबत नाही. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हवेत. रेकॉर्डिंग आणि एडिटिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. त्यातलं नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणारी सोय) मात्र जपून वापरा, जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

ऑडिओबुकसाठी मी एसीएक्सचे (ऑडिबलला ऑडिओबुक पुरवणारं व्यासपीठ) निकष मोजपट्टी म्हणून वापरते. यात शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी: सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल, वरचं टोक उणे 3च्या वर नाही, शांततेतला गोंगाट उणे 60च्या खाली. हा शेवटचा आकडा गाठणं सर्वांत अवघड. खानापूरच्या माझ्या मैत्रिणीचं घर पत्र्याचं. पावसाळ्यात तिथं तो गाठणं अशक्यच, म्हणून जून ते ऑगस्ट ती माहेरी, स्लॅबच्या घरात जाऊन वाचते.

माझी सर्वांत स्वच्छ रेकॉर्डिंग्ज लाईट गेल्यावरची आहेत. माग थांबतो, फ्रीज थांबतो, गल्ली गप्प होते. इन्व्हर्टर बंद करते, नाहीतर त्याची घरघर उतरते, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवते. त्यासाठी तो कायम पूर्ण चार्ज ठेवायची सवय लावली आहे. परवा असंच एक प्रकरण वाचत होते. मध्येच लाईट आली, पण खटखट काही ऐकू येईना. प्रकरण संपवून बाहेर आले, तर शेजारचे काका कट्ट्यावर बसलेले. म्हणाले, "लाईट आलीय खरं माग चालू केलो नाही. तुझं संपू दे म्हटलो."