नकाशा शिकवणार असाल, तर आधी झेरॉक्स सांभाळा

आठवी-नववीच्या पोरांना ड्रॉइंग आणि नकाशाचं काम शिकवणार असाल, तर सुरुवातीचे काही आठवडे संगणक बंदच ठेवा. "सरळ ऑटोकॅडच (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) शिकवा ना" म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यातल्या किती जणांनी उन्हात टेप धरला आहे ते विचारून पाहा. त्यातून आमच्या यवतमाळकडे दुपारी लाइट असेलच याचा भरवसा नाही. टेप, सुतळी, चार खुंट्या, कंपासपेटी आणि 2एच पेन्सिल, एवढ्यावर भागतं. कोपरा काटकोनात आहे का ते 3-4-5 मीटरनं तपासायचं: एका बाजूवर 3, दुसरीवर 4 मोजले की तिरपं अंतर 5 यायला हवं. वावर मोजताना चार बाजूंवर थांबायचं नाही, कर्णही घ्यायचा. हे तुम्हाला माहीतच आहे.

मी अडकलो ते झेरॉक्सपाशी, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

शाळेचं मैदान 60 बाय 40 मीटर. ए3 कागदावर 1:200 नं, म्हणजे कागदावरचा 1 सेंटिमीटर जमिनीवरचे 200 सेंटिमीटर धरून, काढलं की 30 बाय 20 सेंटिमीटर, छान बसतं. पोरांना वाटायला त्याच्या ए4 प्रती काढल्या. दुकानदारानं नेहमीसारखं 71 टक्क्यांचं बटण दाबलं. कागदावर खाली "प्रमाण 1:200" जसंच्या तसं, पण मैदान आता साधारण 21.2 बाय 14.1 सेंटिमीटर. पोरांनी इमानदारीनं मोजलं, 200 नं गुणलं आणि 2400 चौरस मीटरचं मैदान 1200 च्या आसपास आलं. "सर, आपलं अर्धं ग्राउंड कुठी गेलं जी?"

लांबी 71 टक्के झाली की क्षेत्रफळ त्याच्या वर्गानं घटतं, म्हणजे जवळपास निम्मं. ए4 वरचं खरं प्रमाण झालं सुमारे 1:283. पीडीएफ छापताना "फिट टू पेज"वर टिक राहिली तरी हाच घोळ. म्हणून 1:200 सारख्या अंकप्रमाणाच्या शेजारी रेषाप्रमाण, म्हणजे अंतराच्या खुणांची पट्टी, काढल्याशिवाय नकाशा तपासायलाच घेऊ नका. 10 मीटरच्या खुणांची ती पट्टी कागदाबरोबर लहान-मोठी होते, त्यामुळे कुठल्याही प्रतीवर खरंच बोलते. भूगोलात पोरं रेषाप्रमाण दोन मार्कांसाठी पाठ करतात. ते कशासाठी असतं हे त्यांना या निम्म्या मैदानावर कळतं. मुद्दाम एकदा अशी प्रत वाटाच.

पहिल्या नकाशात अक्षर वेडंवाकडं येईल, रेषा जाड येतील, शाई फासली जाईल. घाबरू नका, महिन्याभरात हात बसतो. मला तर फार देखण्या नकाशाचाच संशय येतो, बहुतेक वेळा तो मोबाइलवरून ट्रेस केलेला निघतो. जवळपास कुणी निवृत्त भूकरमापक (सरकारी जमीन मोजणीदार) असतील तर त्यांना चहाला बोलवा. जमीन मोजायची साखळी 66 फुटांची आणि 10 चौरस साखळ्यांचा एकर हे ते असं सांगतात, की पोरांना घरच्या सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर एकदम ओळखीचे वाटू लागतात. दहावीनंतर आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलचा 2 वर्षांचा ट्रेड आहे. त्यासाठी ही ओळख कामाची.

एक मात्र कडक सांगतो. पोरांना धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) नकाशावर "हद्द" लिहू देऊ नका. धुऱ्यावरून भांडण असलेल्या घरातून तो कागद थेट चावडीवर जाऊ शकतो. हद्दीची मोजणी भूमी अभिलेखवाल्यांचं काम. आपण बाभूळ, विहीर, पांधण (शेताकडे जाणारी वाट) आणि बांधाची रेघ दाखवायची, वर मोठ्या अक्षरात "फक्त सरावासाठी" लिहायचं, आणि मूळ प्रत शाळेच्या कपाटात ठेवायची.