विजेच्या क्षेत्रात घट्ट होणारा द्रव: घरी करून पाहण्याची रीत

काही द्रव विद्युत क्षेत्रात आले की काही सहस्रांश सेकंदांतच घट्ट होतात आणि क्षेत्र हटताच पुन्हा वाहू लागतात. अमेरिकेतील विलिस विन्स्लो यांना अशा द्रवांचे पेटंट १९४७ मध्ये मिळाले. या द्रवांत वीज न वाहणाऱ्या तेलात घन पदार्थाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. क्षेत्र लागू होताच प्रत्येक कणाच्या एका टोकाला धन व दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार एकवटतो, कण परस्परांना ओढून क्षेत्राच्या दिशेने साखळ्या धरतात, आणि त्या तोडल्याशिवाय द्रवाला पुढे सरकता येत नाही.

प्रयोगासाठी लागणारे साहित्य कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळेल: पांढरे कॉर्नफ्लॉवर, शेंगतेल किंवा सूर्यफुलाचे तेल, आणि एक रबरी फुगा. मक्याचे पिवळे पीठ चालणार नाही, कारण त्यात स्टार्चखेरीज इतर भरडही असते. पाव वाटी तेलात साधारण तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर घालून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळावे. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा पातळ, पण चमच्यातून सलग धारेने पडेल असे असावे. पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये. कॉर्नफ्लॉवर आणि पाणी यांचे मिश्रणही घट्ट होते, परंतु ते आघाताने, विजेने नव्हे. कण तळाशी बसत राहतात, म्हणून दर वेळी वापरण्यापूर्वी पुन्हा ढवळावे.

फुगा फुगवून कोरड्या, तेल न लावलेल्या केसांवर किंवा लोकरीच्या कपड्यावर जोराने घासावा, म्हणजे त्यावर प्रभार साठून भोवती विद्युत क्षेत्र तयार होते. आधी चमच्यातून नुसत्या तेलाची धार सोडून फुगा तिच्याजवळ न्यावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच प्रयोगाचा अर्थ हरवतो. कारण साधी धारही प्रभारित फुग्याकडे थोडी झुकते आणि पाहणारा त्यालाच घट्ट होणे समजतो. त्यानंतर मिश्रणाची धार सोडावी आणि फुगा बोटभर अंतरावर धरावा. धार नुसती वाकत नाही, तर मंदावते, जाड होते, कधी चमच्याच्या काठाशीच थबकते. फुगा दूर केला की ती पुन्हा खाली सुटते. फुग्याला मिश्रण लागू देऊ नये, लागल्यास पुसून पुन्हा घासावा.

कोल्हापुरात हा प्रयोग जून ते सप्टेंबरमध्ये करू नये. पावसाळी हवेत फुग्याच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार टिकत नाही. फेब्रुवारी-मार्चमधील कोरडी दुपार सर्वांत चांगली.

घरातील विजेच्या प्लगशी वायर जोडून पाहण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. त्यात जीवाला धोका आहे, आणि उपयोगही नाही. अशा द्रवाला नीट घट्ट होण्यासाठी सामान्यतः मिलिमीटरमागे हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक लागतात, तर २३० व्होल्ट एक मिलिमीटरच्या फटीतही त्याच्या चौथ्या हिश्शाइतकेच पडतात. डास मारण्याच्या रॅकेटमधील सर्किट उघडणेही तितकेच धोक्याचे.

कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतला कारागीर हे पाहून पहिला प्रश्न विचारेल तो हा द्रव किती भार पेलेल याचा. क्लच, झडपा आणि धक्के शोषणारी साधने यांसाठी या द्रवांवर दीर्घकाळ काम झाले. पण नेहमीचे द्रव काही किलोपास्कल ताणालाच सरकू लागतात, आणि पाच किलोपास्कल म्हणजे चौरस सेंटीमीटरला जेमतेम ५० ग्रॅम वजन. हाँगकाँगमधील संशोधकांनी २००३ मध्ये १३० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सव्वा किलोहून अधिक, मजल मारली. कण तळाशी बसणे आणि उच्च व्होल्टेजची गरज या अडचणींमुळे मात्र ही साधने अजून सर्रास दिसत नाहीत.

उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये. ते नळीत थर धरते, आणि आपल्या नाल्यांचे पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळते. ते रद्दी कागदात शोषून कचऱ्यात टाकावे आणि भांडे आधी कोरड्या कागदाने पुसून मगच साबणाने धुवावे.