सिझरनंतर लोहाच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

सिझर होऊन घरी आलेल्या बाळंतिणीच्या फाइलमध्ये लोहाची आणि कॅल्शियमची गोळी बहुधा शेजारीशेजारी लिहिलेली असते. घरचं माणूस प्रेमाने दोन्ही एकदम हातावर ठेवतं, सोबत दुधाचा पेला. लोहाची गोळी पोटात जाते खरी, पण कॅल्शियम आणि दुधामुळे ती अंगी फारशी लागत नाही. दोन्ही गोळ्यांमध्ये निदान दोन तास जाऊ द्या. सकाळी लोहाची, जेवणानंतर कॅल्शियमची, असं ठरवून टाकलं की विसर पडत नाही. चहाही तसाच आड येतो, म्हणून गोळीच्या आधी आणि नंतर तासभर तो नको.

"बाळंतिणीला आंबट नको, टाके पिकतील," हे जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. बोलणाऱ्या आजीची काळजी खरी असते, पण टाके पिकतात ते जंतूंमुळे, लिंबामुळे नाही. उलट लिंबूपाण्याबरोबर घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. नव्या सुनेने हे सांगितलं तर वाद होतो, आशाताईंनी (गावच्या आरोग्य कार्यकर्तीने) सांगितलं की पटतं. तेव्हा त्यांनाच सांगायला लावा. अळिवाचे लाडू जरूर खा, पण गोळीऐवजी नको.

शौचाला काळं झालं की घाबरून गोळ्या बंद केल्या जातात. लोहाने रंग काळपट होतोच. मळमळ किंवा बद्धकोष्ठ होत असेल तर लोहाची गोळी एका जेवणानंतर आणि कॅल्शियमची दुसऱ्या जेवणानंतर घ्या, नाहीतर डॉक्टरांकडून बदलून घ्या.

थोडी तरतरी आली की सोडून देणं, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. हिमोग्लोबिन आधी वाढतं, शरीरातला साठा नंतर भरतो. सरकारी कार्यक्रमात अ‍ॅनिमिया नसलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर 180 दिवस रोज 60 मिलीग्रॅम लोहाची गोळी सांगितली आहे, ती उगाच नाही. अ‍ॅनिमिया असेल तर डोस वाढतो, तो डॉक्टर ठरवतील. सलाईनमधून लोह दिलं असेल, तर गोळ्या कधी सुरू करायच्या तेही विचारा.

महिन्याने रक्त पुन्हा तपासा. नीट घेऊनही हिमोग्लोबिनचा आकडा हलला नाही, तर थॅलेसेमिया मायनर किंवा सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक विकारांची तपासणी करून घ्या. विदर्भात आणि नंदुरबारकडे तर नक्कीच, कारण सिकल सेल तिकडे जास्त आढळतो.

बसल्याजागी धाप लागली, चक्कर येऊन पडली, किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, तर गोळ्यांची वाट पाहू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा.