ऑफिसचा फोन घेताना टेबलं नाही, कॉल मोजा

ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या मोजक्या लायनी ऑफिसातल्या सगळ्या फोनांना वाटून देणारं मशीन, घेताना टेबलं मोजून लायनी घेतल्या की निम्म्या लायनींचं भाडं फुकट जातं. टेबलांवरून ठरतात फक्त एक्स्टेन्शन, म्हणजे टेबलांवरचे आतले फोन. आमच्या इतवारीतल्या दुकानात ८ टेबलं आहेत, पण ३ लायनी आरामात पुरतात.

१. सहा दिवस फोनजवळ वही ठेवा. एकाच वेळी बाहेरचे किती कॉल सुरू होते, तेवढंच लिहा. धंद्याचे मोबाइलवरचे कॉलही धरा. आठवडा लग्नसराईचा निवडा, मंदीचा नको.
२. सर्वांत मोठ्या आकड्यात १ मिळवा, तेवढ्या लायनी घ्या.
३. पुढे आत जादा कार्ड (सर्किटची पाटी) टाकून लायनी वाढवता येतील असंच मशीन मागा.

एक जपा: फायबरवरची लँडलाइन वीज गेली की बंद पडते. राउटर आणि मशीन दोन्ही यूपीएसवर ठेवा.