फ्रान्समधल्या छोट्या गावाचा इतिहास कसा शोधावा: आधी नकाशे, मग गाव, मग दप्तर

फ्रेंच खेडं पाहिलं की सगळं मध्ययुगीन आहे असंच वाटतं. प्रत्यक्षात चर्चचा काही भाग आणि एखादी जुनी गढी सोडली, तर गावात सार्वजनिक म्हणून जे दिसतं ते बहुतेक १८०४ ते १९२५ या काळातलं असतं. शाळा, मेअरचं कार्यालय (मेरी), धुण्याचा हौद, दफनभूमी, युद्धस्मारक, या प्रत्येकामागे बहुधा सरकारचा एखादा कायदा असतो. म्हणून स्थापत्यशैली पाठ करत बसण्याआधी पाच-सहा कायद्यांची सालं लक्षात ठेवा. त्यांचा उपयोग जास्त होतो.

घरी बसून करायची कामं

सगळ्यात आधी आपण शोधतोय ते हेच गाव, याची खात्री करा. फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून, म्हणजे स्वतंत्र कारभार असलेली गावं-शहरं, आहेत आणि सें-मार्तँ, सें-ओबँ अशा नावांची गावं ढिगाने आहेत. प्रत्येक कम्यूनला ‘इन्से’ या सांख्यिकी संस्थेचा पाच अंकी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन अंक देपार्तमाँ, म्हणजे जिल्हा, सांगतात. हा क्रमांक आपल्या प्रत्येक टिपणावर लिहा. पोस्टाचा पिन वेगळा असतो आणि तो अनेक गावांना मिळून एकच असू शकतो. दोन ठिकाणी हमखास गफलत होते. २०१५ नंतर बरीच गावं एकत्र करून ‘कम्यून नुव्हेल’ झाली, पण त्यांचे जुने कागद जुन्याच नावाखाली सापडतात. आणि १७९३-९४ च्या सुमारास संतांची नावं असलेल्या बऱ्याच गावांनी नाव बदललं होतं, त्यामुळे त्या काळापुरतं दप्तरात भलतंच नाव दिसतं.

मग नकाशे. कासिनी या नकाशाकार घराण्याचा नकाशा अठराव्या शतकातला, प्रमाण १:८६,४००. सरकारी नकाशा-संकेतस्थळावर तो आजच्या नकाशावर ठेवून बघता येतो. चर्च, गिरण्या, गढ्या आणि वाड्या-वस्त्यांसाठी तो उपयोगी आहे. घरं किंवा शेताचे बांध त्यात शोधू नका, आणि लहान रस्ते नाहीत म्हणून ते तेव्हा नव्हतेच असंही समजू नका.

खरा खजिना आहे तो नेपोलियनकालीन कादास्त्र. १८०७ च्या कायद्याने सुरू झालेली ही जमीनमोजणी एकेक गाव घेत शतकाच्या मध्यापर्यंत चालली. देपार्तमाँच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर तिचे नकाशे सहसा फुकट मिळतात. अभिलेखागाराच्या वर्गवारीतली मालिका बहुधा ‘३ पी’. आधी ‘ताब्लो दासांब्लाज’ उघडा. या एका पानावर पूर्ण गाव आणि त्याचे ए, बी, सी असे विभाग दिसतात. मग मधल्या वस्तीचा विभाग घ्या आणि हव्या त्या घराचा भूखंड क्रमांक टिपा. त्या क्रमांकाने ‘एता द सेक्स्यों’ या यादीत गेलात की मालकाचं नाव आणि जागेचा वापर कळतो. पुढे मालकी कुणाकडे गेली ते ‘मात्रिस’ नावाच्या वह्यांत असतं. आजच्या कादास्त्रातला क्रमांक जुन्या नकाशात शोधण्याची चूक फार होते. भूखंडांना नंतर नवे क्रमांक दिले गेले, त्यामुळे जागा आकारावरून जुळवा, आकड्यावरून नाही.

याच नकाशावर शेतांची नावंही उतरवून घ्या. ‘ला मालाद्रेरी’ असेल तिथे कुष्ठरोग्यांचं आश्रयस्थान असू शकतं, ‘ला ज्युस्तिस’ असेल तिथे जमीनदाराचा फाशीचा खांब. नाव हा पुरावा नाही, पण कागदपत्रांत काय शोधायचं ते सांगतो. शेतांभोवतीची कुंपणझाडं कुठे गेली, हे मात्र १९५० च्या आसपासच्या हवाई छायाचित्रांत पाहा. जमीन-एकत्रीकरणात ती बरीच तोडली गेली.

शेवटी ‘मेरिमे’ ही सरकारी वास्तुसूची. १९१३ च्या कायद्यानुसार संरक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत, वरची ‘क्लासे’ आणि खालची ‘अँस्क्री’. चर्चमधले पुतळे, वेदी, घंटा ‘पालिसी’ या वेगळ्या सूचीत येतात. गावाचं नाव दोन्हीत नसलं तर निराश होऊ नका. धुण्याचे बहुतेक हौद कुठल्याच सूचीत नसतात.

गावात पोचल्यावर

चर्चकडे आधी धावू नका, मेरीत जा. लहान गावात ती आठवड्यातून काही तासच उघडी असते, म्हणून वेळ आधी विचारून घ्या. मेरीत आधी जाण्याचं कारण साधं आहे: चर्चची किल्ली. १९०५ मध्ये चर्च आणि राज्य वेगळे झाले, आणि त्यानंतरच्या कायद्यांनी त्याआधीची बहुतेक गावचर्चं कम्यूनच्या मालकीची झाली. पाद्री तिथे फक्त वापरकर्ता. आज एकेका पाद्र्याकडे कितीतरी गावं असल्यामुळे दार बंद असण्याचीच शक्यता जास्त.

मेरीची इमारतही वाचा. मधे मेरी, एका बाजूला ‘गार्सों’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फीय’, म्हणजे मुलगे आणि मुली, अशी दगडात अक्षरं असतील तर ती मेरी-शाळा आहे. शिक्षणमंत्री गिझोच्या १८३३ च्या कायद्याने प्राथमिक शाळेची जबाबदारी गावावर आली, शिक्षणमंत्री ज्यूल फेरीच्या १८८२ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं झालं. अशा जोड इमारती बहुतेक त्यानंतरच्या.

चर्चला बाहेरून पूर्ण फेरी घाला, आणि सुरुवात पूर्वेच्या टोकापासून करा. वेदी सहसा पूर्वेला असते. नसेल तर जागेची अडचण होती किंवा चर्च एकोणिसाव्या शतकात नव्याने बांधलं, हे दोन संशय धरा. वेदीचा भाग आणि लोक बसतात ते दालन यांच्या सांध्यावर डोळे ठेवा. फ्रेंच राज्यक्रांतीआधी वेदीच्या भागाची डागडुजी धान्याचा दशांश (चर्चचा कर) घेणाऱ्यांकडे होती आणि दालनाची गावकऱ्यांकडे. दोन खिसे वेगळे, म्हणून दोन भागांचं वयही अनेकदा शतकांनी वेगळं. गोल कमान दिसली की बारावं शतक, असं ठोकून देऊ नका. एकोणिसाव्या शतकाने गोल आणि टोकदार दोन्ही कमानींच्या नकला केल्या. दगडांचे थर अगदी एकसारख्या उंचीचे, कडा तीक्ष्ण आणि सगळं काटेकोर सममित असेल तर नक्कल समजा, आणि बांधकामखर्चाची फाइल अभिलेखागाराच्या ‘ओ’ मालिकेत शोधा.

भिंतीवर काळ्या रंगाचा आडवा पट्टा आणि त्यात कुलचिन्हं दिसली तर ती ‘लित्र’, गावच्या जमीनदाराच्या मृत्यूनंतर रंगवलेली शोकपट्टी. हा मान क्रांतीने बंद केला, त्यामुळे पट्टा त्याआधीचा. घंटेवर साल, ओतणाऱ्याचं आणि घंटेच्या ‘धर्ममातापित्यां’चं नाव असतं. जुलै १७९३ च्या हुकमाने प्रत्येक गावाला एकच घंटा ठेवून बाकीच्या तोफांसाठी गेल्या. म्हणून आज एकाहून जास्त घंटा असतील तर जादाच्या बहुतेक नंतरच्या असतात. मनोऱ्यावर परवानगीशिवाय चढू नका, घंटेचा हातोडा विजेवर आपोआप पडतो. दारावरच्या शिळेत कोरलेलं साल फक्त त्या शिळेचं. पाडलेल्या गढीचे दगड गावभर वापरले गेलेले असतात.

दफनभूमी चर्चभोवती नसून गावाबाहेर असेल तर क्रांतीच्या दिनदर्शिकेतल्या २३ प्रेरियाल वर्ष १२, म्हणजे १२ जून १८०४ चा हुकूम आठवा. त्यात वस्तीपासून किमान ३५ ते ४० मीटर अंतर सांगितलं होतं. सगळ्या गावांनी ते लगेच पाळलं असं मात्र नाही.

धुण्याचा हौद, लावोआर, उतारावर झऱ्याच्या खाली शोधा. पाण्याचा क्रम बघा: आधी पिण्याचा झरा, मग गुरांचा हौद, मग धुण्याचा, आणि धुण्यातही खळबळायची जागा वरच्या अंगाला. ३ फेब्रुवारी १८५१ च्या कायद्याने अशा सार्वजनिक धुण्याच्या जागांसाठी ६,००,००० फ्रँक ठेवले. हौद कुठे बांधायचा यावरची भांडणं गावसभेच्या ठरावांच्या वहीत सापडतात, आणि खरं सांगायचं तर गाव समजायला चर्चपेक्षा तीच जास्त कामाची.

युद्धस्मारकावरची सगळी नावं पूर्ण उतरवून घ्या. बहुतेक स्मारकं पहिल्या महायुद्धानंतरची, १९२० ते १९२५ मधली. वर क्रॉस असेल तर स्मारक सहसा दफनभूमीत सापडेल, कारण १९०५ च्या कायद्याच्या कलम २८ ने इतर सार्वजनिक स्मारकांवर धार्मिक चिन्हांना मनाई केली. चौकात ते दिसलं तर गावाने नियमाकडे काणाडोळा केला. सैनिकाचा पुतळा ओळखीचा वाटला तर नवल नाही. ते ओतकारखान्यांच्या कॅटलॉगमधून मागवले जात, आणि शिल्पकार एझेन बेनेचा विजयी सैनिक शेकडो गावांत उभा आहे. मग प्रत्येक नाव ‘मेमोआर देझोम’ या सरकारी संकेतस्थळावर तपासा: जन्मगाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण मिळतं. एकच माणूस दोन गावांच्या स्मारकांवर असू शकतो, किंवा कुठेच नसतो; नाव कोरणं राहत्या गावावर आणि कुटुंबाच्या आग्रहावर अवलंबून होतं. गावाने किती माणसं गमावली याचा अंदाज हवा असेल तर नावांचा आकडा १९११ च्या जनगणनेशी ताडून पाहा. १९१६ ची जनगणना झालीच नाही.

दप्तर

२,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावांचे जुने कागद बहुधा देपार्तमाँच्या अभिलेखागारात जमा असतात. वाचनकक्ष फुकट, ओळखपत्र लागतं, पेन चालत नाही, पेन्सिल न्या. २० सप्टेंबर १७९२ आधी जन्म-मृत्यूच्या नोंदी पाद्र्याकडे होत्या, नंतर मेरीकडे आल्या. १६६७ पासून दोन प्रती ठेवण्याचा नियम आहे, तेव्हा एक वही जळाली वा भिजली असेल तर दुसरी मागा. १७९३ च्या अखेरीपासून १८०५ अखेरपर्यंत तारखा क्रांतीच्या दिनदर्शिकेत आहेत. त्या मनात न बदलता तक्त्यावरून बदला, कारण वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि एक वर्षाची चूक सहज होते.

१८८० ते १९०० दरम्यान अनेक देपार्तमाँत शाळामास्तरांकडून गावाचं वर्णन लिहून घेतलं गेलं. त्यातला मध्ययुगाचा भाग बहुधा ऐकीव, तो सोडून द्या. पिकं, रस्ते, विहिरी आणि शाळेतली मुलं यांवर मात्र मास्तर स्वतः पाहिलेलं लिहितो, तेवढं खुशाल वापरा.