नगरपरिषदेच्या मतदार यादीत आपलं नाव योग्य प्रभागात आणायचं कसं

नगरपरिषदेची निवडणूक जवळ आली की एकच सल्ला सगळीकडे फिरतो: मोबाईलवर नाव शोधा, नाव दिसलं की झालं. या सल्ल्याने दर वेळी माणसं मतदानाच्या दिवशी भलत्याच शाळेत जाऊन उभी राहतात, किंवा ज्या प्रभागात राहत नाहीत तिथल्या नगरसेवकाला मत देऊन येतात. नाव यादीत असणं आणि नाव आपल्या प्रभागाच्या यादीत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मी गेली अनेक वर्षं आमच्या भागाच्या याद्या तपासून हरकती दाखल करते आहे. त्या अनुभवावर सांगते की सगळी मेहनत एकाच टप्प्यावर, आपला प्रभाग ठरवून हरकत लिहिण्यावर, घ्यावी लागते आणि नेमका तोच टप्पा कुणी नीट समजावून सांगत नाही.

आधी काम कुणाचं ते पाहू. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण मतदारांची वेगळी नोंदणी करत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी ठरलेल्या तारखेला जशी असेल तशी घेतली जाते आणि ती प्रभागांत फोडली जाते. २०२५ च्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी घेतली होती. त्या तारखेला विधानसभेच्या यादीत तुमचं नाव नसेल, तर नगरपरिषदेत कितीही खेपा घातल्या तरी ते येणार नाही. नवीन नाव घालणं, मयताचं नाव काढणं, नावातलं शुद्धलेखन किंवा पत्ता सुधारणं यातलं काहीही प्रभाग यादीच्या हरकतीत होत नाही. त्यासाठी बीएलओ (आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी), तहसील कार्यालय किंवा भारत निवडणूक आयोगाचं ॲप आहे: नवीन नावाला नमुना ६, नाव वगळायला ७, दुरुस्ती आणि स्थलांतराला ८. ही कामं निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी उरकायची असतात.

यादी मिळवा

प्रारूप यादी, म्हणजे हरकतींसाठी आधी लागणारी कच्ची यादी, नगरपरिषदेच्या कार्यालयात आणि संकेतस्थळावर लागते. प्रभाग रचनेची अंतिम अधिसूचनाही तिथूनच घ्या, नकाशासकट. ती कशाला लागते ते पुढे येईल.

नाव शोधा

मतदान ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा, नावाने नको. यादीत आडनाव आधी असतं, ऱ्हस्व-दीर्घ कुठेही घसरलेलं असतं आणि लग्न झालेल्या मुलींची नावं बऱ्याचदा माहेरच्याच आडनावाने राहिलेली असतात. हाताने शोधत असाल तर मूळ यादीवर थांबू नका, शेवटची पुरवणी पानंही उलटा. नावापुढे दोन तारे दिसले तर घाबरू नका. २०२५ मध्ये संभाव्य दुबार नावांपुढे ती खूण केली होती. अशा मतदाराने कुठल्या केंद्रावर मत देणार ते सांगायचं असतं, नाहीतर मतदान केंद्रावर हमीपत्र लिहून द्यावं लागतं.

आपला प्रभाग खरंच कोणता, ते ठरवा

आता अवघड भाग. घोळ कुठे होतो ते कळलं तरच हरकत नीट लिहिता येते.

विधानसभेच्या यादीचे भाग मतदान केंद्राच्या सोयीने पाडलेले असतात. नगरपरिषदेचे प्रभाग पाडले जातात २०११ च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवरून, म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या घरांच्या छोट्या गटांवरून. या दोन रेघा एकमेकींवर बसत नाहीत. मग नगरपरिषदेचे कर्मचारी यादीचा एकेक भाग घेऊन त्यातला कोणता मतदार कोणत्या प्रभागात जातो ते ठरवतात. काम थोड्या दिवसांत उरकायचं असतं आणि यादीतले पत्ते अर्धवट असतात. 'शिवाजी रोड' एवढाच पत्ता असेल, तर तो मतदार रस्त्याच्या कोणत्या बाजूचा हे कागदावरून कसं कळणार? म्हणून आख्खा उपविभागच (यादीच्या भागातला एका रस्त्याचा किंवा वस्तीचा गट) एका प्रभागात ढकलला जातो.

मुख्य रस्त्यावर आणि नाल्याच्या कडेला हे हमखास होतं, कारण प्रभागाची हद्द तिथूनच जाते. आमच्या भागात एका रस्त्याची उत्तर बाजू एका प्रभागात आणि दक्षिण बाजू दुसऱ्यात आहे. यादीत मात्र दोन्ही बाजूंची घरं एकाखाली एक छापलेली. पानाच्या वरच्या टोकाला कोपऱ्यावरच्या इमारतीतले भाडेकरू, त्यांच्या लगेच खाली समोरच्या वाड्यातलं कुटुंब, आणि सगळ्यांपुढे एकच प्रभाग क्रमांक. अशा पानावर कुणाचा तरी प्रभाग चुकणारच.

म्हणून अधिसूचना उघडा. तीत प्रत्येक प्रभागाची हद्द उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी शब्दांत लिहिलेली असते: अमुक चौकापासून तमुक रस्त्याने नाल्यापर्यंत, अशी. ती वाचत घराभोवतीच्या रस्त्यांवरून प्रत्यक्ष चाला. नुसत्या नकाशावर भरवसा ठेवू नका. छापील नकाशात गल्ली इतकी बारीक असते की जाड रेघेखाली दोन-चार इमारती सहज लपतात. कार्यालयातही वर्णन हाती असलेल्या माणसाचं म्हणणं जास्त गांभीर्याने ऐकलं जातं.

इथे एक सापळा आहे. घरपट्टीच्या पावतीवर 'वॉर्ड' किंवा 'झोन' असा क्रमांक असतो. तो कर आकारणीचा क्रमांक, निवडणुकीच्या प्रभागाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. मागच्या निवडणुकीतला प्रभाग क्रमांकही विसरा. रचना बदलली की आकडे बदलतात.

हरकत लिहा

मला सुरुवातीला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. काय मागायचं हे कुणी सांगत नव्हतं आणि टेबलावरून टेबलावर पाठवलं जात होतं. पुढे लक्षात आलं की निकाल अर्जाच्या शब्दांवर ठरतो.

नाव शेजारच्या प्रभागात गेलं असेल तर 'माझे नाव यादीत नाही' असं चुकूनही लिहू नका. लिपिक ओळखपत्र क्रमांक टाकून बघेल, नाव शहराच्या यादीत सापडेल आणि अर्जावर 'नाव आढळले' असा शेरा पडून प्रकरण मिटेल. 'माझा पत्ता बदलावा' असंही लिहू नका, लगेच तुम्हाला नमुना ८ कडे पिटाळतील. आयोग प्रभाग यादीत तीनच प्रकारची दुरुस्ती करतो: विभागणी करताना झालेली लेखनिकाची चूक, चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव, आणि विधानसभेच्या यादीत असूनही प्रभाग यादीतून सुटलेलं नाव. तुमचा अर्ज यातल्या एकात स्पष्ट बसला पाहिजे. मी विहित नमुन्यात किंवा सोबतच्या पत्रात हाच मजकूर लिहिते:

"माझे नाव विधानसभा मतदार यादीच्या भाग क्रमांक __ मध्ये अनुक्रमांक __ वर आहे. माझे घर प्रभाग क्रमांक __ च्या अधिसूचित हद्दीत (__ रस्त्याच्या उत्तर बाजूस) आहे. प्रारूप यादीत मात्र माझे नाव प्रभाग क्रमांक __ मध्ये अनुक्रमांक __ वर दाखवले आहे. तरी ते योग्य प्रभागाच्या यादीत समाविष्ट करावे."

सोबत ओळखपत्राची प्रत, घरपट्टीची पावती किंवा वीजबिल, आणि अधिसूचनेच्या त्या पानाची प्रत, हद्दीची ओळ अधोरेखित करून. मोठं निवेदन लिहू नका, अन्यायाची भाषाही नको. तपासणाऱ्याला पाच मिनिटांत ताळा करता आला पाहिजे.

मग शेजाऱ्यांची नावं पाहा. एका घराचं नाव सरकलं असेल तर बहुधा सगळी इमारत सरकलेली असते. अशा वेळी सगळ्यांची मिळून तक्ता करा: नाव, ओळखपत्र क्रमांक, भाग, अनुक्रमांक, सध्याचा प्रभाग, योग्य प्रभाग. ज्याच्या त्याच्या सह्या घ्या. एकट्या अर्जापेक्षा अशा तक्त्यावर स्थळपाहणी होण्याची शक्यता पुष्कळ जास्त, कारण चूक एका माणसाची नसून विभागणीची आहे हे त्यातून उघड दिसतं.

आणि कृपा करून इच्छुक उमेदवारांच्या कार्यकर्त्यांनी वाटलेल्या छापील अर्जांवर न वाचता सही करू नका. कोऱ्या अर्जावर तर मुळीच नको. प्रभाग बदलण्यात त्यांचं हित असतं, ते तुमचंही असेलच असं नाही. 'मी बघतो, तुम्ही निवांत राहा' म्हणणाऱ्यावरही विसंबू नका. अर्ज स्वतः द्या.

मुदतीत द्या, पोच घ्या

मुदत फार थोडी असते. २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या प्रारूप याद्या ८ ऑक्टोबरला प्रसिद्ध झाल्या, हरकतींसाठी आधी १३ ऑक्टोबरपर्यंत वेळ होता आणि नंतर तो १७ पर्यंत वाढवला. पुढच्या वेळी वाढेल असं गृहीत धरू नका. म्हणून अधिसूचना आणि हद्दीचं काम प्रारूप यादी येण्याआधीच करून ठेवावं, यादी आली की फक्त क्रमांक भरायचे. अर्ज आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

स्थळपाहणीला माणूस आला तर सोबत चाला आणि हद्द दाखवा.

अंतिम यादी आणि मतदान

अंतिम यादीत नाव पुन्हा तपासा. त्यानंतर केंद्रनिहाय यादी लागते, तीही पाहा, कारण केंद्र तिथे कळतं. नगरपरिषदेत एका प्रभागातून सहसा दोन सदस्य आणि शिवाय थेट निवडून येणारे नगराध्यक्ष, म्हणजे तीन मतं द्यायची असतात. तीन सदस्यांचा प्रभाग असेल तर चार. एक बटण दाबून बाहेर पडू नका. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथे 'नोटा'चं (वरीलपैकी कुणीही नाही) बटण दाबा आणि मत पूर्ण झाल्याचा लांब आवाज येईपर्यंत थांबा.

निवडणूक झाली की लगेच नमुना ८ भरून विधानसभेच्या यादीतला आपला पत्ता पुरा करून घ्या: घर क्रमांक, इमारतीचं नाव, रस्त्याची बाजू. पुढची प्रभाग यादी त्याच नोंदीवरून फुटणार आहे.